माझ्या जागी सुपारी

आमच्या ह्यांचा व्यवसाय माणसांना झोपवण्याचा. मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते, आणि घरी आल्यावर औषधाशिवाय, नुसत्या बोलण्यानेही ते काम त्यांना जमत असे. दोन हजार चारच्या वसंतात मी एका खेड्यातल्या चर्चमध्ये उत्खननाला जाणार असं जाहीर केलं, तेव्हा पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले, “म्हणजे आता तू रोज कुणाच्या तरी मयताला जाऊन येणार. घरात शिरण्याआधी आंघोळ करत जा. गार्डनमध्ये टॅप आहे.”

“तेराशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं सुतक नसतं,” मी म्हटलं.

“ते तू कोण ठरवणार? पुण्याला गुरुजींना फोन लावू का?”

गुरुजींचा विषय आमच्या घरात त्या वर्षी नाजूक होता. का, ते पुढे येईलच.

या उत्खननाचं मला काय वाटत होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर चेष्टा चालली होती. मी पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. केलं. एक अख्खा हिवाळा गोदावरीच्या काठी तंबूत राहून खापरं धुतली. निकाल आणि लग्नाची पत्रिका एकाच आठवड्यात हातात आली आणि मी इंग्लंडला आले. त्यानंतर पंचवीस वर्षं कौन्सिलच्या लायब्ररीत लोकांच्या पुस्तकांवर परत करायच्या तारखेचे शिक्के मारले. दोन मुली वाढवल्या, त्या आपापल्या वाटेने गेल्या. उत्खननात माती खरवडायची थापी काही पुन्हा हातात आली नाही. मग एक दिवस लायब्ररीच्या बोर्डावर टाचायला एक कागद आला. चर्चच्या उत्खननासाठी स्वयंसेवक हवेत, अनुभवाची गरज नाही. मी तो टाचलाच नाही, घडी घालून पर्समध्ये टाकला. ही चोरी मी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती.

गाव मँचेस्टरपासून गाडीने तासाभरावर, डोंगराच्या उतारावर होतं. चर्चच्या फरशीला ओल आली होती, हीटिंगचे नवे पाइप टाकायचे होते. एवढ्या जुन्या चर्चची फरशी काढायची तर आधी पुरातत्त्ववाल्यांना बोलवावं लागतं, तसं त्यांना बोलावलं होतं. पण गावाला पाइपांचं कौतुक नव्हतं. गावाचं म्हणणं असं की वेदीच्या पुढ्यात, त्या फरशीखाली, त्यांची हुतात्मा निजली आहे.

हुतात्मा म्हटलं की माझ्यासारखीला मुंबईतला चौक आठवतो. इथली हुतात्मा म्हणजे एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी. ख्रिस्ताची झालेली. कुणा राजाच्या मुलाने मागणी घातली, ही नाही म्हणाली, त्याने तलवार काढून डोकं उडवलं, आणि डोकं पडलं तिथे पाण्याचा झरा फुटला. मी या देशात बरीच हिंडले आहे. जिथे म्हणून पाणी चांगलं, तिथे कुणा ना कुणा मुलीचं डोकं पडलेलं असतं. पहिल्याच दिवशी मी हे मोठ्याने बोलून दाखवलं, आणि चर्चवॉर्डनबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी जीभ चावली.

वॉर्डनबाई म्हणजे चर्चच्या किल्ल्या, पितळ, फुलं आणि गावाची अब्रू सांभाळणाऱ्या बाई. वय ऐंशी, चण लहान, केस पांढरे आणि कायम शिस्तीत बसवलेले. त्या मुलीच्या नावाने वेदीवर एक पांढरं वस्त्र असे. ते धुवून, खळ घालून इस्त्री करण्याचं काम बाईंकडे लग्नाआधीपासून होतं. दर वर्षी जूनमध्ये मुलीचा दिवस असायचा. चौघांनी चार कोपरे धरून ते वस्त्र झऱ्यापर्यंत न्यायचं, पाण्यात बुडवायचं आणि परत आणायचं. एक कोपरा बाईंचा. बाकीचे तीन धरणारे बदलत गेले, काही वारले, बाई तशाच राहिल्या.

यंदा मात्र त्या दिवसावर गदा आली होती. नवा व्हिकर, म्हणजे चर्चचा पाद्री, तरुण, उत्साही आणि गिटार वाजवणारा होता. माणूस प्रामाणिक, हीच पंचाईत. त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “खाली काही पुरावा निघाला तर उत्तम. नाही निघाला, तर लहान मुलांना नसलेल्या मुलीच्या नावाने चालायला लावणं मला पटत नाही. जूनमध्ये आपण समर फेअर करू. बाउन्सी कासल आणू.”

बाउन्सी कासल म्हणजे मुलांनी उड्या मारायचा, हवा भरून फुगवलेला किल्ला. हे शब्द ऐकल्यावर वॉर्डनबाईंनी हातातली पितळी फुलदाणी खाली ठेवली.

उत्खननाची प्रमुख माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची होती. इतक्या वर्षांनी मला साहेब मिळाला तो हा. पहिल्याच सकाळी तिने नियम सांगितला, खड्ड्यात उतरताना खिसे रिकामे पाहिजेत. नाणं नको, गोळी नको, टिश्यू नको. “आपण शोधायला आलोय, पेरायला नाही,” ती म्हणाली. मला हे गोदावरीच्या काठीही सांगितलेलं होतं, तरी मी निमूटपणे मान डोलावली. पहिले दोन आठवडे तिने मला फक्त बादल्या वाहायला लावल्या. मी घरी जाऊन कंबर शेकत असे आणि हे विचारत, “आज काय सापडलं? कंबर?”

चहाच्या सुट्टीत मात्र ती छान बोलायची. एकदा वॉर्डनबाईंनी धीर करून विचारलं, “ती तिथे असेल ना?”

“बहुतेक नसेल,” प्रमुखबाई म्हणाली. खोटं तिलाही येत नव्हतं. त्या चर्चमध्ये खरं बोलणाऱ्या माणसांचा सुळसुळाट होता. “अशा कबरी बहुतेक रिकाम्याच निघतात. कुणी लुटलेल्या असतात, कुठे शेजारच्या मठाने हाडं पळवलेली असतात. पण रिकामी कशी झाली ते महत्त्वाचं. लुटारू दगड फोडतात. भक्त दगड हळूच उचलतात, अस्थी मानाने दुसरीकडे नेतात आणि दगड परत चुन्याने नीट बसवतात. साध्या माणसाच्या कबरीसाठी एवढे कष्ट कुणी घेत नाही. तशी रिकामी निघाली, तर लोक त्या मुलीला खरंच मानत होते याचा तो पुरावाच होईल. फक्त आपण उघडेपर्यंत मधे कुणी हात घातलेला नको.”

मग तिने आणखी एक गंमत सांगितली. त्या काळी भक्त लोक हुतात्म्याच्या कबरीला मुद्दाम ठेवलेल्या भोकातून कापडाची चिंधी आत सोडत, रात्रभर ठेवत आणि बाहेर काढून घरी नेत. त्या चिंधीलाच मग हुतात्म्याइतका मान. मला ओळखीचं वाटलं. आपल्याकडे देवीच्या अंगावरचं वस्त्र प्रसाद म्हणून मिळालं की बायका कशा कपाळाला लावतात!

बाकीचे उठून गेल्यावर वॉर्डनबाई मला म्हणाल्या, “लव्ह, तुमच्यात काय करतात गं? जे माणूस असायला हवं तेच नसलं तर?”

इथल्या बायका ओळखीपाळखीच्या सगळ्यांना लव्ह म्हणतात, त्यात विशेष काही नाही. मला मात्र दर वेळी बरं वाटे.

“आमच्यात सुपारी ठेवतात,” मी म्हटलं आणि पर्समधून सुपारी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

आता तो नाजूक विषय. आदल्या वर्षी आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. फरशीपासून पडद्यांपर्यंत सगळं मी फोनवरून भांडून ठरवलेलं. वास्तुशांतीच्या वेळी नेमकी मला रजा मिळाली नाही. हे एकटे गेले. पूजेला बायको लागते, आणि बायको तर मँचेस्टरमध्ये शिक्के मारत होती. गुरुजींनी शास्त्रातला तोडगा काढला. ह्यांच्या सोवळ्याच्या कनवटीला एक सुपारी खोचली आणि माझ्या घराची वास्तुशांत त्या सुपारीच्या साक्षीने पार पडली. सासरच्या मंडळींनी फोटो पाठवले. सगळ्यांचं म्हणणं, कार्य अगदी छान झालं, तुझी काही उणीव भासली नाही. परत आल्यावर ह्यांनी बॅगेतून सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. “घे. ही तू. प्रवासात काही त्रास दिला नाहीस.” त्या दिवसापासून मी मलाच पर्समध्ये घेऊन हिंडत होते.

हे सगळं मी वॉर्डनबाईंना चेष्टेत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. सुपारी उलटसुलट करून पाहिली, नाकाशी नेली.

“म्हणजे ही तू आहेस?”

“हो. ठेवा तुमच्याकडे. मला एक मी पुरे आहे.”

त्यांनी ती रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली.

पुढच्या गुरुवारी वेदीपुढची फरशी निघाली आणि खाली एक लांबट दगडी झाकण लागलं. चारही कडांचा चुना जुना, अखंड. प्रमुखबाईने फोटोंवर फोटो काढले, मग एका कोपऱ्याचा चुना काढून झाकण पहारीने जरासं उचलून पाहिलं. दोन बोटं जातील एवढी फट पडली. आत काळोख. पाच वाजले होते, झाकण उचलायला माणसं सकाळी येणार होती. तिने वर प्लास्टिक अंथरलं, आणि वॉर्डनबाईंनी रोजच्यासारखं चर्चला कुलूप लावलं.

शुक्रवारी सकाळी तिने माझ्या हातात थापी दिली. “आज तुम्ही खाली या,” एवढंच म्हणाली. गुडघे कुरकुरले, पण मी उतरले. व्हिकर वर उभा होता. वॉर्डनबाई वेदीपाशी फुलं लावत होत्या. एकच फूल त्या कितीतरी वेळ लावत होत्या. झाकण बाजूला सरकलं आणि आम्ही सगळे वाकलो.

आत कुणी नव्हतं. दगडांनी बांधलेली स्वच्छ पेटी, तळाला बारीक मातीचा थर. हाड नाही, दात नाही.

“सुंदर!” प्रमुखबाई कुजबुजली. “किती निगुतीने काढलंय बघा.” मी थापी पुढे केली, तेवढ्यात तिने माझा हात धरला. फटीखालच्या कोपऱ्यात मातीवर एक तपकिरी गोल वस्तू होती. तिने हातमोज्याच्या दोन बोटांनी ती उचलली, भिंगाखाली धरली आणि तिचा आवाज चिरकला.

“जायफळ! जायफळ आहे हे!”

अर्धा मिनिट त्या चर्चमध्ये जो आनंद झाला तो काय सांगू. पूर्वेकडचा मसाला, एवढ्या जुन्या काळी, या खेड्यात! व्हिकरने तर टाळी वाजवली. त्या आनंदात सामील नव्हतो आम्ही दोघीच. मी वर पाहिलं. वॉर्डनबाईंच्या हातात अजून ते फूल होतं आणि चेहरा वेदीवरच्या कापडासारखा पांढरा.

“ते जायफळ नाही,” मी म्हटलं. “सुपारी आहे. आमच्याकडची.”

प्रमुखबाई हुशार होती. आनंद ओसरायला तिला क्षणही लागला नाही. तिने फटीकडे पाहिलं, बाजूला सारलेल्या प्लास्टिककडे पाहिलं.

“म्हणजे काल संध्याकाळनंतर इथे कुणीतरी हात घातलाय,” ती सावकाश म्हणाली. “मग काय ठेवलं आणि काय काढून नेलं, कोण सांगणार? मी आता काहीच लिहू शकत नाही. किल्ल्या कुणाकडे असतात?”

किल्ल्या कुणाकडे असतात हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. व्हिकरची मान हळूहळू वळू लागली. मला सगळं एकदम दिसलं. ऐंशी वर्षांच्या बाई संध्याकाळी कुलूप लावण्याआधी गुडघे टेकून त्या फटीत बोटं घालताहेत, आणि त्या दोन बोटांपायी त्यांची मुलगी कायमची पुसली जाते आहे, त्या स्वतः चोर ठरताहेत आणि त्यांच्या अंगणात बाउन्सी कासल फुगतो आहे. आणि दुसरीकडे माझ्या हातात थापी होती. पंचवीस वर्षांनी. मला थापीचा मोह झाला, हे कबूल करते. दोन श्वासांइतका झाला.

“माझ्या खिशातून पडली,” मी म्हणाले. “आत्ता वाकले तेव्हा. मी जेवणानंतर चघळते.”

मी जन्मात सुपारी चघळलेली नाही.

प्रमुखबाईच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग राग. रागाचं मी समजू शकते, मीही तेच केलं असतं. “खिशांबद्दल मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?” इंग्रजीत तू-तुम्ही नसतं म्हणून, नाहीतर बिचारीला मला अहो-जाहो करत झापावं लागलं असतं. तिने हात पुढे केला. मी थापी परत दिली. सुपारी एका छोट्या पिशवीत गेली, आणि पिशवीवर तिने पेन्सिलने लिहिलं, आधुनिक, स्वयंसेविकेच्या खिशातून.

उरलेले तीन आठवडे मी अंगणातल्या नळावर मेंढ्यांची हाडं धुतली. जुन्या काळच्या लोकांनी जेवून टाकलेली. खूप जेवत असत ते लोक.

घरी हे सांगितलं तेव्हा ह्यांना हसू आवरेना. “पंचवीस वर्षांनी थापी मिळाली आणि सुपारीने घालवली!” मग अचानक थांबले. “पण सुपारी तर तू त्या म्हातारीला दिली होतीस ना? तूच सांगितलं होतंस.”

मी ताटं गोळा करायला लागले. ते माझ्याकडे पाहून उठले आणि त्यांनी चहा टाकला. त्यांचा चहा भयंकर असतो. मी पूर्ण प्यायले.

अहवाल आला. कबर जुन्या काळीच आदराने उघडून रिकामी केलेली, त्यानंतर अबाधित, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. व्हिकरने रविवारी तो भर चर्चमध्ये वाचून दाखवला आणि प्रामाणिक माणसासारखं म्हणाला की लोकांनी जिला एवढ्या मानाने उचलून नेलं, तिच्या नावाने चालायला त्याची हरकत नाही. समर फेअर बारगळला.

जूनमधल्या त्या दिवशी ह्यांना घेऊन मी गेले. ह्यांनी सूट घातला होता, कारण चर्च म्हणजे लग्न अशी त्यांची समजूत. आम्ही चर्चबाहेर रस्त्यावर, सगळ्यांच्या मागे उभे होतो. वस्त्र बाहेर आणलं, आणि वॉर्डनबाई तो सोहळा तसाच थांबवून माझ्याकडे चालत आल्या. त्या शुक्रवारनंतर आम्ही त्या विषयावर बोललोच नव्हतो.

“ती परत देतील का गं तुला?” त्यांनी हळूच विचारलं.

“सुपारी? नाही. उत्खननात नोंदलेलं काही टाकत नाहीत आणि देतही नाहीत. म्युझियमच्या गोडाउनमध्ये बॉक्समध्ये राहील.” मग मला राहवेना. “तुम्ही ती तिथे का ठेवलीत? तिच्या जागी? ती मुलगी म्हणून?”

“छे गं. ती मुलगी कशी असेल? तूच म्हणाली होतीस, ती सुपारी म्हणजे तू.” त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं खळीने खरखरीत झाली होती. “साठ-पासष्ट वर्षं त्या जागेपुढे गुडघे टेकले मी. कुणीच नसणार म्हणाली ना ती पोरगी, तेव्हा फार भ्यायले. म्हटलं, अगदी कुणी नसण्यापेक्षा ओळखीचं तरी कुणी असावं.”

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, नाक लाल होईपर्यंत रडले. वास्तुशांतीला माझ्या जागी सुपारी बसली म्हणून मी वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. तीच सुपारी मी म्हणून कुणीतरी देवाच्या जागी ठेवली होती आणि मला पत्ता नव्हता.

“माझे गुडघे आता उतारावर चालत नाहीत,” वॉर्डनबाई म्हणाल्या, मला वस्त्रापाशी घेऊन गेल्या आणि त्यांनी आपला कोपरा माझ्या हातात दिला. “तू धर. आज आली आहेस तर.”

मी बूट काढले. तिथे कुणी काढत नाही, पण माझ्याच्याने राहवलं नाही. गवत ओलं होतं, आणि सर्दी होईल हे वाक्य ह्यांच्या तोंडाशी आलेलं मला दिसलं. त्याऐवजी वाकून त्यांनी माझे बूट उचलले आणि सुटाबुटात, दोन हातांत दोन बूट धरून, झऱ्यापर्यंत माझ्यामागे चालत आले.